कुठं तुंबलंय?

चिक्कूबद्दल मिरजेत ज्या कथा सांगतात, त्यांत शिट्टीची कथा पहिली. कुपवाडच्या एका पोरानं उरसात घेतलेली प्लास्टिकची शिट्टी गिळली. आईबाप धावत आले. "फोटो काढा, आधी फोटो काढा!" पोराला यंत्राच्या फळीवर झोपवलं. यंत्रानं किरण सोडायच्या आधी त्याला सांगितलं, "बाळा, मोठा श्वास घे. आता सोड." पोरानं सोडला, तर छातीतून बारीक 'पीऽऽ' असा आवाज आला.

"शिट्टी उजव्या फुप्फुसाच्या वाटेवर," यंत्र म्हणालं. "किरण खर्च शून्य. पुढचा पेशंट."

दुर्बीण घालून शिट्टी काढली, तेव्हा ती खरंच उजवीकडे होती. ते पोरगं पुढं ट्रॅफिक पोलीस झालं असंही काही जण सांगतात, पण ते जरा जास्त होतंय. पोराला अजून मिसरूड फुटायचं आहे.

यंत्राचं कागदोपत्री नाव मितांशु, म्हणजे मोजक्या किरणांचा. हे नाव शोधायला कंपनीनं दोन संस्कृत पंडित आणि एक समिती बसवली होती. मिरजकरांनी तेच काम टपरीवर एका घोटात उरकलं. हात आखडून किरण देतो काय? मग तो चिक्कू! झालं बारसं.

हा काळ आज्यांची नावं प्रियांका आणि स्नेहल असण्याचा. एस.टी. विजेवर धावत होती, म्हैसाळचं पाणी अजूनही वेळेवर येत नव्हतं, आणि शिशुछत्र रुग्णालयात डॉ. ऋतुजा मगदूम या बाईंनी चिक्कूला मराठी बोलायला शिकवलं होतं. त्या किरणतज्ज्ञ. शरीराच्या आतलं बघून निदान सांगणं हे त्यांचं काम. गाव त्यांना 'फोटोवाल्या मॅडम' म्हणायचं, आणि ते ऐकलं की मॅडमच्या कपाळावर आठी चढायची.

"फोटो लग्नात काढतात," त्या म्हणायच्या. "फोटोचा उजेड अंगावर पडतो आणि परत येतो. हा उजेड अंगातनं आरपार जातो, आणि जाता जाता कुठंतरी ओरखडा काढतो."

ओरखडा म्हणजे काय, तेही त्या सांगत. प्रत्येक पेशीच्या पोटात वारशाचा एक लांब धागा गुंडाळून ठेवलेला असतो. किरण जाता जाता त्याला कुठं तरी उसवतो. शरीर लगेच रफू करतं, आणि बहुतेक वेळा इतकं झकास करतं की शोधून सापडू नये. पण क्वचित एखादा टाका चुकतो. त्या चुकलेल्या टाक्यातून पुढं कित्येक वर्षांनी काही वाईट उगवेल ही शक्यता फार थोडी. लेकरांच्या बाबतीत मात्र ती मोठ्यांपेक्षा जास्त, कारण लेकराच्या पेशी भराभर वाढत असतात आणि त्याच्यापुढं आयुष्यही लांबलचक पडलेलं असतं. एका तपासणीला भ्यायचं कारण नाही. गरज असताना न करणं हा त्याहून मोठा वेडेपणा. पण उगाच एकही नको, आणि मोठ्या माणसाच्या मापाची लहानाला नको. "लेकराला बापाचा सदरा घालाल का? मग बापाचा डोस कशाला?"

शेजारच्या खोलीत जुनं यंत्र होतं. त्याला सगळे भीम म्हणत. भीम काही विचारायचा नाही. पेशंट झोपवला की भोवती गरागरा फिरून चहूबाजूंनी किरणांचा मारा करायचा आणि आतलं सगळं चित्र आणून समोर टाकायचा. चित्र सुरेख, त्यात वाद नाही. पण घरात सुई हरवली म्हणून सगळ्या गल्लीचे दिवे लावण्यातला प्रकार. चिक्कू आधी विचारायचा, "सुई हरवली कुठं?" मग तिथं एक झोत, इवलासा. दिसलं तर बास. नाही दिसलं, तर जे दिसलं त्यावरून ठरवायचा की पुढचा झोत कुठल्या कोनातून टाकावा. प्रश्नाचं उत्तर मिळालं की तिथंच थांबायचा. त्यामुळं चिक्कूपुढं प्रश्नाशिवाय कुणाचं काही चालत नसे. एका विश्वस्तांनी नातवाला वाढदिवसाची भेट म्हणून नखशिखांत तपासायला आणलं.

"प्रश्न काय?" चिक्कूनं विचारलं.

"प्रश्न कसला? सगळं बघ."

"सगळं हा प्रश्न नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा."

आता यात एक गोम होती. मोजक्या ठिपक्यांवरून चित्र पुरं करणारं यंत्र हळूहळू थापा मारायला शिकतं. जिथं दिसलं नाही तिथं 'असं असायला हवं' म्हणून रंग भरून मोकळं होतं. ऋतुजानं चिक्कूकडून सगळ्यांत जास्त घोटून घेतलं ते एकच वाक्य: मला माहीत नाही. हे वाक्य चिक्कू बिनदिक्कत म्हणायचा. रुग्णालयातल्या मोठमोठ्या डॉक्टरांना ते जमत नसे, आणि त्यांत पहिला नंबर डॉ. श्रेणिक मगदूम यांचा. ऋतुजाचे यजमान.

श्रेणिक लहान मुलांच्या मेंदूचे सर्जन. हात सोन्याचा, धीर कवडीचा. पोराला उलटी झाली की त्यांना डोक्याचं चित्र हवं, आणि ते आत्ता हवं. घरी जेवताना भांडण ठरलेलं.

"आमटीत मीठ नाही."

"आहे. लागेल तेवढं आहे."

"तुझा चिक्कू शिरलाय आपल्या स्वयंपाकघरात. उद्या मला पोळी द्यायच्या आधी विचारशील, प्रश्न काय?"

"विचारणारच आहे. तिसरी पोळी कशासाठी?"

एरवी संसार गोडीचा. पण यंदाच्या विश्वस्तांच्या बैठकीत श्रेणिकनं सरळ सांगून टाकलं होतं, "चिक्कू सर्दी-खोकल्याला ठीक आहे. माझ्या पोरांना भीमच पाहिजे. माझ्याकडं चुकायला वेळ नसतो." बायकोसमोर सांगितलं. त्यानंतर घरात मीठ एकदम भरपूर पडायला लागलं, आणि ते लक्षण काही बरं नव्हतं.

अशातच एका दुपारी प्रियांका आजी दारातूनच ओरडल्या, "मॅडम, तुंबलंय ओ! पोरीचं परत तुंबलंय!"

प्रियांका कोळेकर, कवठेमहांकाळच्या. पोरीची आई एस.टी. चालवते, ती पंढरपूरच्या फेरीवर होती. बाप द्राक्षं घेऊन बंदरावर गेला होता. म्हणून आजीनंच गाडी हाणत नातीला आणलं होतं. नात राही, दुसरीतली. काटकी, मोठ्या डोळ्यांची, आणि एरवी इतकी वटवट करणारी की वॉर्डातल्या सिस्टर तिला आकाशवाणी म्हणत. आज ती आजीच्या खांद्यावर मान टाकून गप्प होती.

राहीची हकीकत अशी. प्रत्येकाच्या मेंदूत रोज थोडं पाणी तयार होतं आणि रोज त्याचा निचरा होतो. राहीची निचऱ्याची वाट जन्मतःच अरुंद होती. पाणी साठून मेंदूतल्या पोकळ्या फुगू लागल्या, तेव्हा श्रेणिकनं तान्हेपणीच तिला एक बारीक नळी बसवली. डोक्यातून निघून कानामागून, कातडीखालून मान आणि छाती ओलांडून नळी थेट पोटात उतरायची. पाणी पोटात जायचं आणि तिथंच जिरायचं. आजीला हे समजावताना श्रेणिकनं अगदी घरगुती भाषा वापरली होती: "मोरीला पाईप असतो ना, तस्सं समजा. पाईप तुंबला की पाणी मागं चढतं. डोकं दुखलं, उलटी झाली, पोर पेंगायला लागलं, की समजायचं तुंबलं. मग थांबायचं नाही."

इतकं सोपं कुणी सांगितलं की माणूस विसरत नाही. कोळेकरांच्या घरात 'तुंबलं' हा शब्द असा बसला की त्यांनी मोरीबद्दल तो वापरायचं सोडून दिलं. मोरीत पाणी साठलं तर ते म्हणत, "पाणी थांबलंय." तुंबायचा मान फक्त राहीच्या डोक्याला.

आणि शाळेत जायला लागल्यापासून ते वारंवार तुंबायचं. दर वेळी पळापळ, दर वेळी डोक्याचं चित्र. पहिल्या काही खेपांना भीमकडून, अगदी सढळ हातानं. चुंबकाचं यंत्र किरणांशिवाय चालतं हे खरं, पण राहीच्या नळीवर चुंबकानं जुळवायची झडप होती. त्या यंत्रात पोर गेली की झडपेचं माप बिघडायचं. म्हणजे तोही रस्ता अडचणीचाच. चित्रात दर वेळी पोकळ्या थोड्या फुगलेल्या दिसायच्या. कधी वॉर्डात चार दिवस ठेवलं की आपोआप उतरायच्या. एकदा उतरेनात, तेव्हा श्रेणिकनं डोकं उघडून नळी बदलली. काढलेली जुनी नळी आतून लख्ख होती. तुंबल्याचा मागमूस नव्हता. त्यावर श्रेणिक काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला बोलूही दिलं नाही. पोरगी बरी झाली ना? मग!

आता राही फळीवर होती. ऋतुजानं तिच्या केसांवरून हात फिरवला. "काय गं आकाशवाणी, आज केंद्र बंद?"

राही कसंनुसं हसली. "तुंबलंय," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं.

श्रेणिक आत आले ते वादळासारखे. "चिक्कू, डोक्यातल्या पोकळ्या फुगल्यात का?"

दोनतीन झोत पडले, दिसले न दिसले असे. "होय," चिक्कू म्हणाला. "मागच्यापेक्षा जास्त."

"बास. थिएटर तयार करा. ऋतुजा, हिला भीमकडं ने. मला डोकं पूर्ण हवंय, मिलिमीटर मिलिमीटर. कुठून आत शिरायचं ते बघायचंय."

"नळी डोक्यात अडलीय कशावरून?"

"आणखी कुठं अडणार? पोरगी पेंगायला लागलीय, दिसत नाही?"

"दिसतंय. मागच्या वेळीही असंच दिसलं होतं. आणि तू काढलेली नळी—"

"ते राहू दे."

"नाही राहत! नळी स्वच्छ होती, श्रेणिक. न बिघडलेली वस्तू तू बदललीस."

"आणि पोर बरी झाली!"

"हो. आणि का झाली ते तुला आजपर्यंत ठाऊक नाही."

सिस्टर खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघू लागल्या. श्रेणिकनं स्वतःच फळीची चाकं सोडली आणि राहीला भीमच्या दाराकडं ढकललं. ऋतुजा त्या दारात आडवी उभी राहिली. ठेंगणी बाई, पण दार भरून उरली.

"बाजूला हो. पाणी चढतंय. तासाभराची चालढकल झाली आणि हिची नजर गेली तर तू जबाबदार?"

प्रश्न खरा होता. एकीकडं डोकं पुन्हा उघडायचं, तेही कदाचित फुकट, आणि उघडलेल्या डोक्यात जंतू शिरायची भीती वेगळी. दुसरीकडं उशीर झाला तर सात वर्षांच्या पोरीचे ते मोठे डोळे. किरण कमी-जास्त हा वाद आता फार मागं राहिला होता. प्रश्न एकच होता, आणि तो नेमका काय, हेच कुणी नीट विचारलं नव्हतं.

"थिएटर तयार व्हायला वेळ लागेलच ना?" ती म्हणाली. "तेवढा वेळ माझा. तू हात धुऊन उभा राहा. मी चुकले तर भीमकडं मी स्वतः ढकलत नेईन हिला."

श्रेणिकनं फळीवरचा हात काढला. "थिएटर तयार होईपर्यंत," ते म्हणाले. "त्यापुढं एक क्षण नाही."

ऋतुजानं फळी परत फिरवली. "चिक्कू, प्रश्न घे. कुठं तुंबलंय?"

"प्रश्न अपुरा," चिक्कू म्हणाला. "काय तुंबलंय?"

"काय म्हणजे? न—" नळी म्हणता म्हणता ऋतुजा थबकली. तुंबलंय हा शब्द आजीनं आणला होता. आजीला तो राहीनं दिला होता. घरात तो मुळात आला होता श्रेणिककडून. आणि आतापर्यंत प्रत्येकानं त्यात आपापली नळी घालून घेतली होती.

ती राहीच्या तोंडाजवळ वाकली. "राही, तू म्हणालीस तुंबलंय. काय तुंबलंय गं?"

राहीनं आजीकडं बघितलं. मग श्रेणिककडं बघितलं आणि ओठ घट्ट मिटले.

"श्रेणिक, बाहेर जा."

"मी? मी तिचा सर्जन—"

"म्हणूनच. जा."

दार लागलं. राहीनं ऋतुजाचा कान धरून जवळ ओढला आणि गरम श्वासात पुटपुटली, "शी."

"शी?"

"लई दिवस झाली नाही. पोट दगडावाणी झालंय."

आजीचा हात तोंडावर गेला. "अगं भवाने, मग बोलायचं न्हाई व्हय?"

"बोलले की!" राहीचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "तुला म्हटलं, तुंबलंय. तर तू गाडी काढलीस."

"आगं मला वाटलं डोकं—"

"डोकं नंतर दुखतंय! आधी पोट तुंबतंय, मग डोकं. मी दर वेळी सांगते तुंबलंय, आणि तुम्ही सगळे पळायला लागताय. मला वाटलं, कळलं वाटतं ह्यांना."

"पण होत का नाही, बाळ?"

राही पुन्हा कुजबुजीवर आली. शाळेतल्या संडासाला आतून कडी नव्हती. पोरं मुद्दाम दार ढकलायची. म्हणून ती सकाळपासून दाबून धरायची, शाळेतनं येताना बसमध्येही धरायची, आणि इतकं धरल्यावर घरी आलं तरी होत नसे.

"मे महिन्यात ही बया ठणठणीत असती बगा," आजी सुन्न होऊन म्हणाल्या. "म्हटलं, आंब्याचा गुण."

ऋतुजा ताठ उभी राहिली. "चिक्कू, प्रश्न: नळीचं पोटातलं टोक कशाखाली दबलंय का?"

या वेळी चिक्कूनं झोत कानामागं टाकला, मग मानेवर, छातीवर, आणि मग खाली पोटात दोनतीन, कोन बदलून बदलून. आजीला वाटलं काही झालंच नाही.

"नळी वरपासून खालपर्यंत अखंड," चिक्कू म्हणाला. "आतडं गच्च भरलेलं. नळीचं टोक त्याखाली चेपलेलं. पोटातला दाब किती, ते मला माहीत नाही. पाणी जिरायला जागा कमी दिसते. किरण खर्च: मागच्या डोक्याच्या चित्राच्या शंभराव्या हिश्शाहून कमी."

ऋतुजानं दार उघडलं. श्रेणिक दाराला कान लावूनच उभे होते. ते जवळजवळ तिच्या अंगावर पडले.

"तिच्या कानामागची झडप दाबून बघ," ती म्हणाली.

हे काम बोटांचं, आणि श्रेणिकची बोटं खोटं बोलत नसत. झडपेला लागून कातडीखाली असलेला मऊ फुगा त्यांनी दाबला. वरची वाट मोकळी असेल तर सोडल्यावर फुगा लगेच भरतो. तो लगेच भरला. पण दाबताना बोटाला सुखासुखी दबला नाही, कडक लागला. म्हणजे पाणी वरून येत होतं, खाली जायला तयार नव्हतं.

श्रेणिकनं पुन्हा दाबला. मग राहीच्या पोटावर तळवा ठेवला. एक सोन्याचा हात त्या टणक पोटावर ठेवून मिरजेतला सगळ्यांत घाईचा माणूस ते इंच इंच चाचपत गेला.

"मेंदूचा सर्जन," तो स्वतःशीच म्हणाला. "पोटाला हातच लावला नाही कधी."

"आता लाव एनिमा."

"मी?"

"सिस्टर लावतील. तू थिएटर तयार ठेव. आणि पेंग वाढली तर मला विचारत बसू नकोस."

पुढचा वेळ शिशुछत्रच्या इतिहासात फार नाजूक म्हणून सांगतात. सिस्टरांनी एनिमा दिला. राहीला वॉर्डाच्या संडासात नेऊन बसवलं. आजी आत तिला धरून, ऋतुजा दाराबाहेर शाळेच्या कडीची हकीकत सांगत, आणि तिच्या शेजारी हिरवा झगा, टोपी, मास्क अशा जय्यत तयारीत डॉ. श्रेणिक मगदूम, धुतलेले हात कोपरांपासून वर धरून. जणू आतून कुणी अवयव देणार आहे आणि ते झेलणार आहेत.

बराच वेळ काही नाही. आतून आजीचा आवाज: "राही? राही, डोळं उघड गं." श्रेणिकनं दाराला हात घातला, धुतलेला हात, आणि तेवढ्यात—

यापुढं जे झालं त्याच्या आवाजाबद्दल मिरजेत एकमत नाही. वॉर्डातले सांगतात, धरणाचं दार उघडलं असं वाटलं. खालच्या मजल्यावरचे सांगतात, छतावरची टाकी फुटली म्हणून ते बादल्या घेऊन धावले. रेल्वे स्टेशनवर कुणी ऐकला म्हणतात, ते मात्र कोल्हापूरचे असावेत.

मग शांतता. आणि मग आतून खणखणीत आकाशवाणी: "आजी, बघू नकोस ना!"

वॉर्डभर टाळ्या पडल्या. झोपलेली पोरं उठून बसली आणि कशासाठी ते न कळताच टाळ्या पिटायला लागली. श्रेणिकनं वर धरलेले हात खाली घेतले, मास्क काढला आणि भर वॉर्डात, सगळ्या सिस्टरांदेखत, बायकोपुढं हात जोडले.

"मागच्या वेळी तिला माझ्या सुरीनं बरं केलं नाही," ते म्हणाले. "ऑपरेशनच्या आधीच्या एनिमानं केलं. आणि त्याआधी दर वेळी वॉर्डातल्या या संडासाच्या कडीनं."

"हे विश्वस्तांच्या बैठकीत सांगशील?"

"सांगतो. पण घरी मीठ कमी कर. जिभेला फोड आलेत."

संध्याकाळपर्यंत झडप बोटाला मऊ लागायला लागली. पेंग गेली. चिक्कूला एकच प्रश्न विचारला, पोकळ्या उतरल्या का, आणि तो एका झोतात म्हणाला, "उतरतायत." राहीनं उपमा मागितला, तो संपवून दुसरा मागितला, आणि शेजारच्या खाटेवरच्या पोराला आपल्या पराक्रमाची हकीकत इतकी रंगवून सांगितली की तोही एनिमा मागायला लागला.

प्रियांका आजी बाजारात जाऊन बर्फीचा पुडा घेऊन आल्या आणि दिसेल त्याच्या हातावर तुकडा ठेवत सुटल्या.

"बर्फी? मुलगी झाली वाटतं?" रखवालदारानं विचारलं.

"मुलगी कवाच झालीय," आजी म्हणाल्या. "आज मुलीला झाली."

दुसऱ्या दिवशी मगदूम नवराबायकोनं मिळून राहीला औषध लिहून दिलं. खाली दोघांच्या सह्या, वर पेशंटच्या जागी शाळेचं नाव. औषध: संडासाच्या दाराला आतून कडी, आत पाणी. केव्हा: आजच. किती दिवस: कायम. मुख्याध्यापक तणतणत आले, "डॉक्टर, ही काय थट्टा आहे?" श्रेणिकनं त्यांना खुर्ची दिली आणि राहीच्या डोक्यावरचा व्रण दाखवला. "सर, ही तुमच्या कडीची किंमत," ते म्हणाले. मुख्याध्यापक लोहार गाडीत घेऊनच शाळेत परतले.

पण शब्द एकदा सुटला की थांबत नाही. नळी बसवलेलं पोर कुठल्याही गावातून आलं, की चिक्कू आता किरणांना हात लावायच्या आधी विचारू लागला, "पोट साफ होतं का? शाळेच्या संडासाला कडी आहे का?" असंच यंत्र आता इतर गावांतही होतं; हे प्रश्न सांगलीच्या चिक्कूनं उचलले, मग सोलापूरच्या, मग पार नांदेडच्या. ज्यांच्या नळ्या खरंच अडल्या होत्या, ती पोरं विनाविलंब थिएटरात गेली आणि वाचली. कारण वाट फुकटच्या गर्दीनं अडलेली नव्हती. बाकीच्यांचं एनिम्यावर भागलं. भीमचा धंदा इतका बसला की त्याच्या खोलीत शेवटी सिस्टरांनी पापड वाळत घातले.

आणि कड्या! तालुक्यात कड्यांची अशी लाट आली की कड्या उरल्या आणि लोहार त्या लावायला दारं मागत फिरू लागले. राहीच्या शाळेनं तर नवं कोरं स्वच्छतागृहच बांधलं. फरशी, नळ, आरसा, सगळं. उद्घाटनाला आमदार आले, मांडव पडला, सनई लागली. फीत मात्र राहीनं कापायची, असं ऋतुजानं बजावून ठेवलं होतं.

राहीनं फीत कापली. नारळ फोडला. मग सगळ्यांच्या देखत आत गेली आणि दार लावून घेतलं. खट्ट.

लोक थांबले. आमदारांनी भाषणाचा कागद काढला, पुन्हा त्याची घडी घातली, घड्याळ बघितलं. "बेटी, झालं का गं? पुढं म्हैसाळला कार्यक्रम आहे."

"साहेब, थांबा," श्रेणिक म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात घाई नव्हती. "इथं घाई केली की मला सुरी काढावी लागते."

आमदार थांबले. सनईवाले थांबले. सगळी शाळा उन्हात रांगेनं थांबली. आणि आतून, कडी लावलेल्या दारामागून, निवांत आवाज आला:

"सांगते झाल्यावर!"